पंचावरचे कोटिंग सोलते तेव्हा

प्रश्न : आम्ही स्टेनलेस स्टीलची शीट कापण्यासाठी डी-२ या हत्यारी पोलादाचे पंच (दाबून पत्रा कापणारी हत्यारे) वापरतो. त्यांवर टायटॅनियम नायट्राइडचे सोनेरी कोटिंग करून घेतले होते, पण थोड्याच दिवसांत ते धारेजवळ सोलले. आता महागडे नॅनोकॉम्पोझिट कोटिंग घ्यावे का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : नव्या कोटिंगची ऑर्डर देण्याआधी सोललेली जागा भिंगाखाली पाहावी. पापुद्रा निघालेल्या ठिकाणी पोलाद सपाट आणि चकचकीत दिसत असेल, तर कोटिंगने मुळात पकडच घेतली नव्हती. वायरकटनंतर (तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी केलेल्या कापणीनंतर) उरलेला ठिसूळ थर, ग्राइंडिंगमध्ये जळलेला पृष्ठभाग किंवा धारेवर राहिलेली बर (धातूची बारीक कोर) ही त्याची नेहमीची कारणे आहेत. तिथे खळगा पडून भोवती बारीक तडे गेले असतील, तर मात्र खालचे पोलादच दबले आहे. ३-४ मायक्रॉनचा थर कितीही कठीण असला, तरी खाली आधार नसल्यास तो अंड्याच्या कवचासारखा फुटतो.

माझा पहिला संशय टेम्परिंगवर, म्हणजे कडक केलेले पोलाद पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करण्याच्या प्रक्रियेवर आहे. डी-२चे टेम्परिंग आपल्याकडे अनेकदा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास करतात आणि रॉकवेल या कठीणतेच्या मापावर ६०च्या पुढची कठीणता मिळाली की काम झाले असे मानतात. पण हे कोटिंग साधारण ४५० अंशांना, म्हणजे त्या टेम्परिंगपेक्षा खूप जास्त तापमानाला चढवले जाते, त्यामुळे भट्टीतून बाहेर आलेला पंच मऊ पडलेला असतो आणि त्याचे मापही हललेले असू शकते. म्हणून हार्डनिंगवाल्याला आधीच सांगून ५२० अंशांच्या आसपास किमान दोनदा टेम्परिंग करून घ्यावे आणि कोटिंगआधी व नंतर कठीणता मोजावी.

नॅनोकॉम्पोझिटमध्ये टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचे काही नॅनोमीटरचे कण सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ वेष्टनात बसलेले असतात, त्यामुळे तडा सरळ धावत नाही. त्याची खरी ताकद उष्णतेत दिसते : टायटॅनियम नायट्राइड ५००-६०० अंशांपुढे हवेतल्या ऑक्सिजनने खराब (ऑक्सिडाइझ) होऊ लागते, तर हे ८०० अंशांनाही टिकते. वेगवान मिलिंगसाठी ते उत्तमच आहे. तुमच्या थंड पंचिंगमध्ये मात्र मुख्य त्रास स्टेनलेस पंचाला चिकटण्याचा असतो, आणि त्यासाठी टायटॅनियम कार्बोनायट्राइड अधिक योग्य ठरते. कोटिंगआधी पंचाच्या बाजू पंचाच्या चालीच्याच दिशेने पॉलिश कराव्यात. जुन्या पंचांवर पुन्हा कोटिंग करायचे असेल, तर आधीचा थर रसायनाने पूर्ण काढून घ्यावा.