ढोल-ताशा पथकातून चेंड्याकडे: दहावीनंतर केरळला पाठवावं का?

पालकांचं पत्र (थोडक्यात): मुलगा यंदा ८४ टक्के मिळवून दहावी झाला. दोन वर्षं आमच्या भागातल्या ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो. परीक्षा संपल्यावर शेजारच्या मल्याळी कुटुंबाबरोबर त्रिशूर पूरम हा देवळांचा उत्सव बघायला गेला आणि आल्यापासून एकच धोशा: अकरावी नको, केरळ कलामंडलम या कलासंस्थेत जाऊन चेंडा, म्हणजे तिकडचा ढोल, शिकायचाय. त्याची आई म्हणते, भाषा येत नाही, ओळखपाळख नाही, मराठी मुलाला तिथे कोण विचारणार आणि पोटाचं काय? मला वाटतं छंद म्हणून ठीक आहे, पण करायचंच तर कथकली तरी करावी, तिला निदान मान आहे. मी सायन्सचा फॉर्म आणून ठेवलाय. घरात रोज वाद. – एक पालक, कोथरूड

स. न. वि. वि.

आधी माझं मत सांगतो, कारणं मागून. मुलाला यंदा केरळला पाठवू नका आणि त्याचा चेंडाही थांबवू नका. अकरावी-बारावी पुण्यातच होऊ दे, पण सायन्सला नको. ही दोन वर्षं त्याने चेंड्याला आणि मल्याळमला द्यायची. बारावीनंतरही ओढ टिकली, तर खुशाल जाऊ दे.

तुमच्या मुलाने त्रिशूरला जे ऐकलं ते बहुधा इलंजीतरा मेळम असणार. मेळम म्हणजे अनेक वादकांनी मिळून केलेलं तालवादन; पांडी आणि पंचारी हे त्याचे प्रकार. वडक्कुन्नाथन मंदिराच्या आवारात, बकुळीच्या झाडाशी, दुपारच्या उन्हात जवळपास अडीचशे वादक उभे राहतात आणि दोन-अडीच तास पांडी मेळम वाजतो. चेंडा, इलत्ताळम म्हणजे जाड झांजा, कोंबु नावाचं वाकडं शिंग आणि सनईच्या जातीचं कुळल. समोर हजारो माणसं हात वर करून ताल धरतात. सोळाव्या वर्षी ते ऐकून वेड लागलं, यात मला काळजीचं काही दिसत नाही. पथकात वाजवणाऱ्या मुलाला तर ते लागणारच.

पण तो ज्यांच्याकडे बघत होता, ते पहिल्या रांगेतले होते. बाजूला खांद्यावर चेंडा लावून दोन्ही काठ्यांनी बोल फिरवणारे हे उरुट्टु चेंड्याचे वादक, आणि मधोमध प्रमाणी, म्हणजे मेळम चालवणारा मुख्य वादक. पेरुवनम कुट्टन मारार यांनी अनेक वर्षं इलंजीतराचं हे नेतृत्व केलं. त्यांच्या मागे रांगा असतात वीक्कन चेंड्यांच्या. चेंड्याचं एक तोंड पातळ आवाजाचं, ते इडंतला. दुसरं जाड, खर्जातलं, ते वलंतला. मागच्या रांगांनी या जाड तोंडावर नुसता ठोका द्यायचा. फिरवाफिरव नाही, मनाचं काही नाही, दोन-अडीच तास फक्त ताल. त्यांच्याशिवाय पुढच्यांना उभंच राहता येत नाही, पण फोटोत ते येत नाहीत. नवीन माणूस मेळममध्ये जातो तो या मागच्या रांगेत, आणि तिथे तो बरीच वर्षं असतो.

म्हणून ‘यात पैसे मिळतील का’ या प्रश्नाच्या आधी मी दुसरा प्रश्न विचारेन: तुमचा मुलगा मागच्या रांगेत आनंदाने उभा राहील का? पथकात तो कुठे असतो, हे त्याला विचारा. नेहमी पुढे यायची धडपड करतो, की कोपऱ्यात उभा राहून ठेका घट्ट धरण्यातही त्याला समाधान वाटतं? याचं खरं उत्तर मिळालं तर निम्मा निर्णय झाला.

शिक्षण कसं असतं तेही त्याला आधी कळू दे. पहिल्या दिवशी हातात चेंडा मिळत नाही. चिंचेच्या लाकडाची जाडजूड काठी मिळते आणि समोर दगड किंवा लाकडाचा ठोकळा. त्यावर मनगटाचं काम करायचं, पहाटे, रोज, महिनोन्‌महिने. पहिला धडा गणपतीचा असतो, त्याला गणपतिक्कै म्हणतात. तो हातात बसला की पुढचं. मग कधीतरी फणसाच्या खोडाचा, गाईच्या कातड्याचा तो जड चेंडा डाव्या खांद्यावर येतो. पथकातल्या मुलांना वजनाची आणि उभं राहायची सवय असते, ही त्याची जमेची बाजू. अडचण वेगाची आहे. आपल्या पथकात एक हात, म्हणजे ठेक्याचा एक प्रकार, झाला की दुसरा, आणि मिरवणूक रंगली की लय चढत जाते. पंचारी मेळमचा पहिला काल, म्हणजे लयीचा पहिला टप्पा, ९६ अक्षरांचा (मात्रांचा) असतो, मग ४८, २४, १२ आणि शेवटी ६. पहिला कालच तास-तासभर चालतो, इतका संथ की नवख्याला वाटावं काही होतच नाही. तो संथपणा अंगात मुरल्याशिवाय शेवटच्या वेगाला अर्थ येत नाही. एखाद्या रविवारी त्याला पंचारीचं पूर्ण रेकॉर्डिंग लावून द्या, मधलं काही न गाळता. शेवटपर्यंत बसला तर मला कळवा.

आता कलामंडलमबद्दल. भारतप्पुळा नदीच्या काठी, चेरुतुरुत्तीला ही संस्था आहे. कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन आणि मुकुंद राजा यांनी ती १९३० साली काढली. राजे-जमीनदारांचा आश्रय आटत चालला होता, कथकलीची मंडळं मोडत होती, म्हणून लॉटरी काढून पैसे उभे केले. पोटाचा प्रश्न या कलांना तेव्हाही होता हे तुमच्या पत्नीला जरूर सांगा. आज ते अभिमत विद्यापीठ आहे. पण दोन गोष्टी मुलाने समजून घ्यायला हव्यात. एक, तिथली मुलं आठवीपासून शिकायला बसतात. पदवीला बारावी लागते, आणि चाचणीत त्याच्या शेजारी चार-पाच वर्षं हात घोटलेली मुलं असतील. आत्ता रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा दोन वर्षं शिकून जाणं शहाणपणाचं, ते यासाठी. दुसरं, तिथला चेंडा मुख्यतः कथकलीचा आहे. मेळममध्ये तुम्ही अडीचशेतले एक. कथकलीत तुम्ही नटाच्या मागे उभे आणि डोळे त्याच्या हातांवर. नट बोलत नाही. त्याची मुद्रा, त्याची पावलं, त्याचा राग, हत्तीचं चालणं, सगळं चेंड्यातून ऐकू यायला हवं. कृष्णन्कुट्टी पोदुवाळ चेंड्यावर आणि अप्पुकुट्टी पोदुवाळ मद्दळम या आडव्या ढोलावर, ही कलामंडलमची जोडी यासाठी अजून आठवली जाते. यासाठी आट्टकथा, म्हणजे कथकलीची संहिता, पाठ लागते, म्हणजे संस्कृतमिश्रित मल्याळम लागते. तुमच्या मुलाला यातलं कोणतं काम हवंय? माझा अंदाज, त्याला या दोन वाटा वेगळ्या आहेत हेच अजून माहीत नाही.

तुम्ही लिहिलंत, त्यापेक्षा कथकली करावी. मान बघून कला निवडू नये, असं मी तुम्हाला स्पष्टच सांगतो. कथकलीचा वेष घेणाऱ्याचं शरीर कोवळ्या वयात घडवतात. पावसाळ्यात तेल लावून पायांनी मर्दन, पहाटे डोळ्यांचा व्यायाम, बैठक इतकी खाली की पायांची बाहेरची कड तेवढी टेकते. सोळाव्या वर्षी, आणि तेही वडिलांना बरं वाटावं म्हणून, कोणी यात पडू नये.

पोटाचं बोलू. केरळात उत्सवांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. त्या महिन्यांत चांगल्या वादकाला रात्रीची झोप मिळत नाही आणि पावसाळ्यात काम जवळजवळ थांबतं. मिळकत अशी सहा-सात महिन्यांत गोळा करून वर्षभर पुरवायची असते; ठरावीक पगाराच्या घरात वाढलेल्या मुलाला हे जड जातं. दुसरा आधार शिकवण्याचा. केरळच्या राज्य शालेय कलोत्सवात चेंडा मेळम, पंचवाद्यम, तायंबका (एका मुख्य वादकाचं चेंडावादन) या स्पर्धा असतात आणि शाळा त्यासाठी शिक्षक लावतात. तिसरा आधार बाहेरच्या मल्याळींचा: आखाती देशांत, इंग्लंड-अमेरिकेत, आणि आपल्याकडे मुंबई, डोंबिवली, पिंपरी-चिंचवडलाही ओणम आणि अय्यप्पा पूजेला चेंडा लागतोच. तिथे शिकवणाऱ्याला मागणी आहे, आणि मराठी-मल्याळम दोन्ही बोलणारा शिक्षक तर विरळाच. केंद्राच्या सीसीआरटी या संस्थेची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यासाठी गुरूकडे निदान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. मुलाने आत्ता सुरुवात केली तर एकविसाव्या वर्षी तो पात्र ठरेल. आणखी दोन वर्षं वादात घालवलीत तर तेवढं लांबेल. रक्कम आणि अटी बदलतात, अर्जाच्या वेळी नीट वाचून घ्या.

‘मराठी मुलाला कोण विचारणार’ या शंकेत तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. देवळातलं नित्य वादन परंपरेने मारार, पोदुवाळ अशा समाजांकडे आहे. ते तुमच्या मुलाला मिळणार नाही, त्याची आशा धरू नये. उत्सवातल्या मेळममध्ये मात्र इतर समाजांतलेही वादक आहेत. कथकली संगीतात कलामंडलम हैदरअली मुसलमान कुटुंबातले होते. काही देवळांत त्यांना आत गाता आलं नाही, तरी त्यांनी आयुष्यभर कथकलीची पदं गायली आणि मल्याळी रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. आणि मुंबईत कनक रेळे. गुजराती घरातल्या, कथकली शिकल्या, मोहिनीअट्टममध्ये आयुष्य घातलं, १९७७ मध्ये मुंबई विद्यापीठातून नृत्यात पीएच.डी. केली आणि जुहूला नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभं केलं. त्यांच्याकडे कायद्याची पदवीही होती, हे तुमच्या मुलाला मुद्दाम सांगा. बाहेरून येणाऱ्याने हातात आणखी एक विद्या ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच अकरावीला कला शाखा. भाषा, इतिहास, समाजशास्त्र, आणि दिवसाचे मोकळे तास. सायन्स आणि त्याच्या क्लासांमध्ये रियाझाला वेळ उरणार नाही, आणि मन नसताना त्याने ते निभावलं तरी कोणाचाच फायदा नाही. कला शाखेतून चेंड्याची वाट मोकळी राहते आणि ती नाही जमली तरी बहुतेक दारं बंद होत नाहीत. तुमच्या गावातच विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. एफटीआयआयला ध्वनिमुद्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पण त्यासाठी पदवीबरोबर बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं; कला शाखेने बंद होणारं हे एक दार, ते माहीत असू दे. अडीचशे चेंडे उघड्यावर नीट रेकॉर्ड करणं हे जाणकाराचं काम आहे. लोकसंगीत आणि पारंपरिक संगीताच्या संशोधनाचीही एक वाट आहे. गुरुग्रामला त्यासाठीचं मोठं ध्वनिसंग्रहालय आहे.

पुण्यातल्या मल्याळी समाजांमध्ये चौकशी करून या महिन्यातच चेंड्याचे गुरू शोधा, शेजारचं कुटुंब मदत करेल. मल्याळम शिकणं त्यांच्याच घरी सुरू होऊ दे. लिपी दोन महिन्यांत येते; बोलणं यायला वेळ लागतो, आणि गुरू जे काही रागावून शिकवतात ते बोलीतच असतं. पथक गणपतीपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही. एकदा कानांची तपासणी करून घ्या. ढोल आणि चेंडा दोन्ही कानांवर कठीण आहेत, आणि ही काळजी आपल्या पथकांतही फारसं कोणी घेत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तृप्पूणितुराला पूर्णत्रयीश मंदिरात वृश्चिकोत्सव असतो. पनवेलहून नेत्रावतीने एर्नाकुळमला उतरलात की ते जवळच आहे. तुम्ही आणि मुलगा दोघं जा, शक्य असेल तर त्याच्या आईलाही घेऊन जा. तिथे नामवंतांचे पंचारी मेळम होतात, तायंबका होते, रात्रभर कथकली चालते. तेव्हा मेळमचा चेंडा आणि कथकलीचा चेंडा एकाच आवारात ऐकायला मिळेल. त्याच गावात आरएलव्ही महाविद्यालय आहे. तिथे कथकली, चेंडा, मद्दळम पदवीपर्यंत शिकवतात आणि ते महात्मा गांधी विद्यापीठाशी संलग्न आहे. दिवसा तिथे जाऊन शिक्षकांना भेटा. प्रवेशाला आधीचं शिक्षण किती लागतं, बाहेरच्या राज्यातल्या मुलाला जागा कशी मिळते, वसतिगृह आहे का, हे समोर बसून विचारा. मेळममध्ये मागच्या रांगेत वाजवणाऱ्या एखाद्या वादकाशीही मुलाला बोलू द्या: दिवसाला किती मिळतं, पावसाळ्यात काय करतो, घरचे काय म्हणतात. माझ्या पत्रापेक्षा त्याची उत्तरं जास्त कामाची.

तिथून आल्यावर मुलाने स्वतः मला लिहावं. तुम्ही नको, त्याने. आणि सायन्सचा फॉर्म आणून ठेवलाय म्हणालात, तो भरण्याआधी त्याच्या वर्गशिक्षकांशी एकदा बोला. अकरावीच्या पसंतीक्रमाला अजून वेळ आहे.

आपला,
करिअर मार्गदर्शक