डिझेलची धार: इंजेक्शनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडिलांची जुनी इंडिका दोन गल्ल्या आधीच ऐकू यायची. माझी स्विफ्टही डिझेलच आहे, मग ती एवढी शांत कशी?

इंडिकाच्या त्या इंजिनात पंप यांत्रिक होता. तो एका दमात सगळं डिझेल सोडायचा. डिझेल लगेच पेटत नाही. पेटेपर्यंत जे साचतं ते एकदम भडकतं आणि तोच खडखडाट आपल्याला ऐकू येतो. शिवाय पंपाचा दाब इंजिनाच्या वेगाशी बांधलेला. गाडी नुसती उभी असली की दाब कमी आणि फवारा जाडाभरडा.

कॉमन रेलने, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांना) डिझेल पुरवणाऱ्या एका सामाईक नळीने, ही गाठ सोडवली. पंपाचं काम फक्त रेलमध्ये दाब भरून ठेवायचं. कधी आणि किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. मुख्य फवाऱ्याआधी एखाद-दोन मिलिग्रॅम डिझेल सोडलं की आत आधीच ज्वलन सुरू होतं आणि मोठा फवारा दणका न देता जळतो. माझ्या मते डिझेल कारच्या इतिहासातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, टर्बोपेक्षाही मोठी. फियाट गटाने हे तंत्र घडवलं, 1994 मध्ये बॉशला विकलं आणि 1997 मध्ये ते अल्फा रोमिओ 156 मध्ये रस्त्यावर आलं. तुमच्या स्विफ्टचं 1.3 लिटर इंजिन म्हणजे फियाटचंच 2003 चं मल्टीजेट. एका चक्रात पाचपर्यंत फवारे! पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं.

प्रश्न: जुन्या बिनटर्बोच्या इंजिनाला टर्बो बसवला तर ताकद वाढेल का?

नुसत्या टर्बोने फारशी नाही. टर्बो हवा देतो. ताकद हवी तर त्या हवेच्या हिशोबात डिझेलही वाढवावं लागतं. पिस्टन आणि कूलिंग त्या भारासाठी बनलेलं नसतं. नका करू.

प्रश्न: टीडीआय आणि सीआरडीआय एकच ना?

सीआरडीआय म्हणजे कॉमन रेल. टीडीआय हे फोक्सवॅगन-ऑडीच्या टर्बो डिझेलचं नाव, त्याचं तसं नाही. 1989 च्या ऑडी 100 मध्ये टीडीआय होतं, पण पंप रोटरी. 1998 पासून फोक्सवॅगनने प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप-इंजेक्टर दिला, दाब 2000 बारच्या वर (1 बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). कॉमन रेल नंतर आलं. जुनी स्कोडा लॉरा घेणार असाल तर 1.9 पीडी (म्हणजे तेच पंप-इंजेक्टरवालं) आहे की 2.0 कॉमन रेल, हे आधी विचारा. दोन्हींच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा.

प्रश्न: इंजिन मिसिंग करतंय. मेकॅनिक चालू गाडीत इंजेक्टर पाइपचा नट सैल करून बघू म्हणतो. करू द्यावं का?

अजिबात नाही! जुन्या पंपावर सगळे असंच शोधायचे: ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. कॉमन रेलमध्ये त्या पाइपात हजार-दीड हजार बारपर्यंत दाब असतो. ती धार कातडी फोडून आत जाते. बाहेरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं, पण आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

त्याऐवजी चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्यांना (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) छोट्या बाटल्या लावून गाडी चालू ठेवायला सांगा. ज्याची बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरते, तो इंजेक्टर आतून गळतोय. सगळ्या सारख्या भरल्या तर स्कॅनर लावा. आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी शेवटचं कधी काढलं, तेही विचारा.