आधी फाईल, मग नोकरी

ताई म्हणालीस, म्हणून मीही सरळ अगं-तुगंवर येते. तुझं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकन लष्करात आठ वर्षं क्लिनिकल सोशल वर्कर (म्हणजे थेरपी देणारी समाजकार्यकर्ती), हुद्दा कॅप्टन, लायसन्स टेक्ससचं, दहा महिन्यांनी बाहेर पडणार. नवरा नौदलात, त्याची बदली पेंटागॉनला, म्हणून घर उत्तर व्हर्जिनियात. इंटर्नशिपच्या काळातले तुझे सुपरवायझर येत्या महिन्यात निवृत्त होतायत, हे तू शेवटी सहज लिहून गेलीस. प्रश्न तीन: व्हीएशिवाय (माजी सैनिकांचं सरकारी खातं) काही आहे का, बाहेरच्यांना आपलं काम कळतं का, आणि बाहेर पडल्यावर सहा महिने सरकारी नोकरी बंद असते हे खरं का.

तिसरं आधी संपवते. तो 180 दिवसांचा नियम पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांना आहे, आणि तोही फक्त संरक्षण खात्यातल्या नागरी जागांसाठी. तू निवृत्त होत नाहीयेस, सेवा सोडतेयस. तुला तो लागू नाही. बेसवरच्या बिहेवियरल हेल्थ (मानसिक आरोग्य) क्लिनिकमध्ये किंवा फॅमिली अ‍ॅडव्होकसीत (घरगुती हिंसेची प्रकरणं बघणारा विभाग) उद्या जागा निघाली तर खुशाल अर्ज कर. ट्राइकेअरची, म्हणजे लष्करी आरोग्यविम्याचीही, काळजी नको करूस, नवऱ्यामुळे तुझा विमा चालूच राहील, फक्त डीअर्समध्ये (लष्करी कुटुंबांच्या नोंदवहीत) तुझी नोंद वेळेत बदलून घे.

आता फाईल. हा भाग कंटाळवाणा आहे आणि मी इथेच सगळ्यात जास्त अडकले, म्हणून सविस्तर.

वर्दीत असताना आपल्याला लायसन्सचं वजन कळतच नाही. कुठल्याही एका राज्याचं असलं की टेक्सस, जर्मनी, कोरिया, सगळीकडे चालतं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ते पुन्हा एका राज्याचं होतं. त्यात तू राहणार कुठे, तर अशा ठिकाणी जिथे गाडीने तासाभरात तीन वेगळी लायसन्स बोर्डं लागतात. व्हर्जिनियात एलसीएसडब्ल्यू, पूल ओलांडून वॉशिंग्टन डीसीत गेलीस की एलआयसीएसडब्ल्यू, आणि मेरिलंडमध्ये एलसीएसडब्ल्यू-सी. काम तेच, नावं तीन, फॉर्म तीन, फी तीन. व्हिडिओवर थेरपी केलीस तरी क्लायंट त्या क्षणी कुठे बसलाय त्या राज्याचा नियम लागतो.

तुझ्या बाबतीत एक फट मात्र आहे. जानेवारी 2023 मध्ये झालेल्या कायद्याने सैनिकांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या व्यावसायिक लायसन्सला, लष्करी हुकमाने दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर, तिथे मान्यता मिळते. तू सैनिक राहणार नाहीस, पण सैनिकाची बायको राहशील, आणि बदलीचा हुकूम नवऱ्याच्या नावाने निघालाय. अटी आहेत, त्यामुळे गृहीत धरू नकोस. व्हर्जिनियाच्या बोर्डाला लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. पण ही सोय त्याच्या हुकमाला बांधलेली आहे. तो उद्या दुसरीकडे गेला आणि तू प्रॅक्टिससाठी मागे राहिलीस तर? म्हणून व्हर्जिनियाचं पक्कं लायसन्स काढच. एका लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या, सोशल वर्करांच्या आंतरराज्य कराराबद्दल तू ऐकलं असशील. मिसूरीने 2023 मध्ये तो पहिल्यांदा स्वीकारला आणि 2024 मध्ये सात राज्यं झाल्यावर तो अमलात आला. चांगली गोष्ट आहे, पण तिच्या भरवशावर आज नोकरीला होकार देऊ नये असं माझं मत.

मी काय चूक केली ते सांगते. मी 2010 च्या सुमारास टेक्ससमधल्या फोर्ट सॅम ह्युस्टन या लष्करी तळावरून एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची मास्टर्स पदवी) केलं, तिथूनच इंटर्नशिप, तिथूनच लायसन्स. सुपरव्हिजनचे तास (लायसन्ससाठी सुपरवायझरच्या देखरेखीखाली केलेलं काम) एकदा बोर्डाने मोजले की झालं, असा माझा समज. अकरा वर्षांनी दुसऱ्या राज्यात अर्ज केला तर तिथल्या बोर्डाला तेच तास पुन्हा हवे: तारखांसकट, समोरासमोर किती, गटात किती, आणि सही करणाऱ्या सुपरवायझरचा लायसन्स नंबर. माझे सुपरवायझर तोवर सेवेतून गेलेले, जुना ईमेल बंद. त्यांना शोधून सही मिळवायला मला पाच महिने लागले, आणि हातात आलेली एक चांगली नोकरी तेवढ्यात दुसऱ्याला गेली. तीन हजार तास काम केलेलं असतं गं, पण कागदावर नसलं तर शून्य.

तेव्हा अजून लष्करी ईमेल चालतोय तोवर गोळा कर: सुपरव्हिजनच्या तासांचा तक्ता सहीसकट (रुग्णाचं नाव, केसचा तपशील त्यात अजिबात नको), क्रेडेन्शियल्स ऑफिसमधून तुला कुठले कुठले उपचार करायची परवानगी (प्रिव्हिलेजेस) होती त्याचं पत्र, घेतलेल्या प्रत्येक प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, सगळे मूल्यमापन अहवाल. आणि सुपरवायझरचा घरचा पत्ता, खासगी नंबर.

व्हीएबद्दल तू जरा नाक मुरडलंयस. मी तिथे दोन वर्षं होते. कामाचा ढीग, संगणकातले खोके भरण्यात जाणारा दिवस, सगळं खरं. पण ज्या संस्थेत सोशल वर्क 1926 पासून चालतं आणि जिच्याइतके सोशल वर्कर देशात दुसरं कुणी नेमत नाही, तिला रागाच्या भरात वगळू नकोस. तिथे तुझं टेक्ससचं लायसन्स जसंच्या तसं चालतं. तुझी आठ वर्षं रजेसाठी धरली जातात, म्हणजे पहिल्या दिवसापासून दर पंधरवड्याला चार नाही तर सहा तास. पेन्शनसाठी ती धरायची तर बेसिक पगाराच्या 3 टक्के रक्कम भरावी लागते. नोकरीला लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत भरलीस तर व्याज नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मात्र जानेवारी 2025 मध्ये केंद्र सरकारची भरती गोठवली तेव्हा कित्येक जणींचे अर्ज लटकले, त्यामुळे सगळी अंडी त्या एका टोपलीत नकोत.

मोठं इस्पितळ नको असेल तर व्हेट सेंटर्स, म्हणजे माजी सैनिकांची समुपदेशन केंद्रं, बघ. 1979 पासून आहेत, व्हीएचीच, पण नोंदी वेगळ्या ठेवतात, जागा छोट्या, दारावर पाटीसुद्धा साधी. आपल्यासारख्यांना तिथे श्वास घेता येतो.

आता दुसरा प्रश्न, बाहेरच्यांना कळतं का. नाही कळत. आपण सांगतोही वाईट. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी झोकात म्हटलं, "कमांड-डायरेक्टेड इव्हॅल्युएशन्स केलीत." समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "कुणी कुणाला कमांड केलं?" मग मी सीपीटीचं प्रशिक्षण झालंय म्हटलं. आपल्याकडे सीपीटी म्हणजे एक तर कॅप्टन, नाही तर कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ट्रॉमावरची एक उपचारपद्धत. त्यांना वाटलं मी बिलिंगच्या कोडचा कोर्स केलाय, आणि त्या खूश झाल्या.

तुझा रेझ्युमे मी वाचला. पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक आजार), पीटीएसडी आणि पीटीएसडी. ट्रॉमा थेरपी येणारे लोक बाहेर पुष्कळ आहेत, तू त्यातली एक. तुझ्याकडे जे आहे आणि त्यांच्याकडे नाही, ते तू दोन ओळींत गुंडाळलंयस. तू ब्रिगेडची बिहेवियरल हेल्थ ऑफिसर होतीस. सुमारे चार हजार माणसं, आणि त्यांचे कमांडर तुला फोन करून विचारायचे: हा माझा माणूस ठीक आहे का, याला बंदूक देऊ का, याला तैनातीवर नेऊ का. कमांडरला काय सांगायचं याचे नियम ठरलेले, आणि त्यातही गरजेपुरतंच. रुग्णाचा विश्वास तुटू द्यायचा नाही आणि कमांडरला अंधारातही ठेवायचं नाही. या दोन धन्यांच्या मधे उभं राहून आठ वर्षं काम करणं, हेच तुझं खरं कौशल्य. इस्पितळात डॉक्टर आणि नातेवाईक, शाळेत मुख्याध्यापक आणि पालक, कंपन्यांच्या एम्प्लॉयी असिस्टन्समध्ये मॅनेजर आणि कर्मचारी, सगळीकडे अशा मधल्या माणसाची टंचाई आहे. पोलीस आणि अग्निशमन दलं तर शोधत असतात.

लिहायचं कसं? "कमांड-डायरेक्टेड" काढ, "मालकाच्या विनंतीवरून कामासाठी मानसिक योग्यतेची तपासणी" असं लिही. फॅमिली अ‍ॅडव्होकसीच्या समितीत बसायचीस ते "घरगुती हिंसा आणि बालछळाच्या प्रकरणांत बहुशाखीय समितीपुढे मूल्यांकन मांडणं". तुकडीत फिरून जवानांशी गप्पा मारायचीस, ते प्रतिबंधात्मक काम, आणि प्रतिबंध हा शब्द सार्वजनिक आरोग्यवाल्यांना फार आवडतो.

काही सवयी मात्र मोडाव्या लागतील. माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या महिन्यात एका पोलीस प्रमुखांचा फोन आला: "आमचा तो माणूस येतो ना तुमच्याकडे, कसा आहे?" आवाज इतका ओळखीचा, बटालियन कमांडरचाच, की माझ्या तोंडून "ठीक आहे सर" जवळजवळ निघून गेलं होतं. बाहेर क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय तो माझ्याकडे येतो की नाही हेसुद्धा सांगता येत नाही. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते माझे.

दुसरं, न येणारे लोक. सैनिकाने अपॉइंटमेंट बुडवली तर फर्स्ट सार्जंटला कळतं आणि पुढच्या वेळी तो दहा मिनिटं आधी हजर असतो. मला वाटायचं लोक माझ्या कौशल्यामुळे टिकतात. बाहेर आठवड्यात चार जण आले नाहीत, आणि त्यांना आणणारं कुणी नव्हतं. क्लायंटला स्वतःहून परत यावंसं वाटेल असं पहिलं सेशन करणं मला वयाच्या चाळिशीत शिकावं लागलं.

आणि बंदुका. बेसवर धोका वाटला तर कमांडरला फोन, आणि हत्यार शस्त्रागारात. बाहेर कमांडर नाही. माजी सैनिकांच्या दर दहा आत्महत्यांतल्या सात तरी बंदुकीने होतात, त्यामुळे हे संभाषण टाळून चालत नाही: कुलूप कुठे, किल्ली कुणाकडे, काही दिवस भावाकडे ठेवता येईल का. हुकूम नाही, विनवणीही नाही, क्लायंटबरोबर बसून ठरवायचं. हे आत असतानाच सरावात आण.

स्वतःची प्रॅक्टिस पहिल्या वर्षी पूर्णवेळ नको. विमा कंपन्यांच्या यादीत नाव लागायला तीन-चार महिने सहज जातात, मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) क्लिनिकल सोशल वर्करला डॉक्टरांच्या दरपत्रकाच्या 75 टक्केच देतं, आणि आतापर्यंत घरभाडं करमुक्त मिळत होतं हे विसरून आपण पगारांची तुलना करतो. नोकरी धर, बाजूला आठवड्याला पाच-सहा क्लायंट घे. ट्राइकेअरचं पॅनेल मात्र लवकर घे, त्या भागात लष्करी कुटुंबं भरपूर आहेत.

स्किलब्रिजचं, म्हणजे सेवा सोडणाऱ्यांना बाहेरचं काम शिकू देणाऱ्या लष्करी योजनेचं, विचारलं नाहीस, पण सांगते. शेवटच्या 180 दिवसांत बाहेर काम शिकता येतं, हुद्द्याप्रमाणे दिवस कमी होतात, आणि कमांडरची सही लागते. लष्करी काहीही नसलेली जागा निवड. लहान मुलांचं इस्पितळ, हॉस्पिस, काहीही. तिथे कुणी तुला "मॅम" म्हणणार नाही, पहिल्या आठवड्यात ते फार लागतं. मला तरी लागलं होतं.

हे सगळं दहा महिन्यांत सावकाश कर. सुपरवायझरना मेल मात्र आजच टाक. तक्ता तूच भरून पाठव, त्यांनी फक्त सही करायची, आणि दोन प्रती घे, एक व्हर्जिनियासाठी, एक राज्याच्या नावाची जागा कोरी ठेवून.