धुरांड्याची उंची वाढवावी का?

प्रश्न : आमच्या काजू कारखान्याचे विटांचे धुरांडे 18 मीटर उंच आहे, आत उभ्या सळ्या आहेत. वर आणखी 6 मीटर बांधले तर चालेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : कृपा करून तशीच वीट चढवू नका. उंची एक तृतीयांशाने वाढेल, पण वाऱ्यामुळे बुंध्याशी येणारा वाकवणारा जोर पावणेदोन पटींहून जास्त होईल, कारण तो उंचीच्या वर्गाने वाढतो. पणजीसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग, म्हणजे बांधकामाचा हिशोब ज्यावरून सुरू करतात तो, सेकंदाला 39 मीटर धरला आहे. वीट दाब सोसते, ताण नाही; वाऱ्याच्या अंगाचा ताण सळ्याच घेतात. म्हणून आधी त्यांची तब्येत बघा. अशाच एका धुरांड्याच्या उभ्या भेगेत मी नख घातले, तर तांबूस भुगा बोटावर आला. गंजलेली सळई फुगते आणि विटांचे सांधे फोडते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे लवकर होते. आत अग्निविटांचे वेगळे अस्तर आणि मध्ये हवेची फट आहे ना? नसेल तर उष्णतेनेही चिरा पडतात. पाया स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासून घ्याच. मला विचाराल तर शेजारी स्वतंत्र पायावर पोलादी धुरांडे उभारा.