वडिलांसाठी साधी, बटणांची इलेक्ट्रिक कार: कोणती घ्यावी आणि घेताना काय पाहावे?

आपण विचारले आहे की, कराडजवळच्या गावी राहणाऱ्या आणि सत्तरीकडे झुकलेल्या आपल्या वडिलांना इलेक्ट्रिक कार हवी आहे, परंतु मोठा टचस्क्रीन नको आहे. एसी, दिवे आणि वायपर हाताला लागणाऱ्या बटणांनी चालावेत आणि मोबाईल ॲपवाचून गाडीचे काही अडू नये, अशी त्यांची अट आहे. अशी गाडी भारतात मिळते. आमच्या घरी याच विचाराने टाटा टियागो ईव्ही घेतली असल्यामुळे माझे पहिले मत तिच्या बाजूने आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला मोठा पडदा लागतोच, असा समज शोरूममध्ये फिरताना सहज होतो. वास्तविक २००१ साली बंगळुरूहून बाजारात आलेल्या रेवामध्ये टचस्क्रीनचा मागमूसही नव्हता आणि तरीही ती पूर्णपणे इलेक्ट्रिक होती. मोटर, बॅटरी आणि त्यांच्यामधील कंट्रोलर यांना पडद्याशी काही देणेघेणे नसते. पेट्रोल गाडी चालवलेल्या माणसाला नव्याने दोनच गोष्टी समजून घ्याव्या लागतात: बॅटरी किती टक्के उरली आहे आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी किती जोराने आपोआप मंदावते. पहिली गोष्ट स्टिअरिंगमागच्या छोट्या डिस्प्लेवर दिसते, दुसरी दोन-चार दिवसांत पायाला कळते. पडदा मोठा होत गेला त्याचे कारण वेगळे आहे. प्रत्येक बटणाला स्वतःचा साचा, वायर आणि जोडणी लागते; ती सर्व कामे एका पडद्यावर नेली की कारखान्याचा खर्च वाचतो, शिवाय शोरूममध्ये गाडी आधुनिक दिसते.

त्याची किंमत चालक मोजतो. ‘वी बिलेगारे’ या स्वीडनमधील वाहनविषयक मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने गाड्या चालवून एसी, रेडिओ, ट्रिप मीटर आणि डॅशबोर्डच्या दिव्यांशी संबंधित साधी चार कामे चालकांकडून करून घेतली होती. बटणे असलेल्या २००५ सालच्या व्होल्वो व्ही७० मध्ये ती १० सेकंदांत, म्हणजे सुमारे ३०६ मीटर अंतरात उरकली. एमजी मार्व्हल आर या टचस्क्रीनच्या इलेक्ट्रिक गाडीत त्यांना ४४.६ सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. युरोपातील सुरक्षा चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हझार्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांसाठी स्वतंत्र, हाताने दाबता येणारी साधने असण्याला गुणांकनात महत्त्व दिले आहे. त्यामुळे आपल्या वडिलांची मागणी जुन्या वळणाची आहे, असे कोणी म्हटले तर ते मनावर घेऊ नये. ती रास्त आहे.

आता गाड्यांविषयी. टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये आली. तिच्यात १९.२ किंवा २४ किलोवॅट-तासांची बॅटरी मिळते, म्हणजे वीजबिलाच्या हिशेबाने ती पूर्ण भरायला साधारण तेवढीच युनिटे आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी थोडी अधिक लागतात. कंपनीने त्या वेळी जाहीर केलेली रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर, अनुक्रमे २५० आणि ३१५ किलोमीटर होती. प्रत्यक्षात एसी लावून, घाट चढून ती बरीच कमी भरते. वडिलांचा रोजचा प्रवास पन्नास किलोमीटरच्या आत असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा लहान बॅटरीही पुरेल, पण अधूनमधून साताऱ्याला किंवा कोल्हापूरला जाऊन यायचे असेल तर मोठी घ्यावी. एसीची बटणे खरी आहेत, पुढे-मागे जाण्यासाठी फिरवायचा नॉब आहे आणि वायपर-दिव्यांचे दांडे नेहमीच्या जागी आहेत. वरच्या व्हेरियंटमध्ये सुरुवातीला सात इंचांचा टचस्क्रीन येत असे, २०२५ पासून त्याहून मोठा येतो, मात्र गाडी चालवताना त्याला हात लावावाच लागेल असे कोणतेही काम त्याच्यावर सोपवलेले नाही. पडदा अजिबातच नको असेल तर सर्वांत खालच्या व्हेरियंटची सध्याची यादी शोरूममधून लेखी मागून घ्या, कारण या याद्या दरवर्षी बदलतात. पडदा गेला की मागचा कॅमेराही जातो. परंतु रिव्हर्स सेन्सर जुलै २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीचे असल्याने मागे घेताना सूचना देणारा आवाज मिळतोच.

वापरलेली गाडी चालणार असेल तर २०२० ते २०२३ च्या पूर्वार्धातील नेक्सॉन ईव्ही अवश्य पाहा. तिच्यात ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी, एसीसाठी खरी बटणे-नॉब आणि आटोपशीर पडदा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे रूप आले तेव्हा एसीच्या बहुतेक बटणांच्या जागी स्पर्शाने चालणारा सपाट फलक बसवला गेला, म्हणून आपल्या कामासाठी मी जुनीच गाडी अधिक योग्य मानतो. बॅटरीला मूळची आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी होती. ती नव्या मालकाच्या नावावर होते का आणि बॅटरीची स्थिती कशी आहे, याचा अहवाल अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एमजी कॉमेट ही गल्लीबोळांसाठी फार सोयीची गाडी आहे: लांबी तीन मीटरहून कमी, बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची आणि एसीला फिरवायचे नॉब. तरीही वडिलांसाठी मी ती सुचवणार नाही, कारण तिला दोनच दारे आहेत, मागे बसणाऱ्याला पुढची सीट सरकवून आत शिरावे लागते, सार्वजनिक चार्जरवरील जलद (डीसी फास्ट) चार्जिंगची सोय नाही आणि वरच्या व्हेरियंटमध्ये समोर दोन मोठे पडदे आहेत. सिट्रोन ईसी३ ही साधेपणात या सर्वांच्या पुढे होती, पण मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. कंपनीने नंतर सहा एअरबॅग दिल्या असल्या, तरी त्या चाचणीतील गाडी घेण्याचा विचार मी करणार नाही. युरोपातील डेशिया स्प्रिंग किंवा अमेरिकेत २०२५ मध्ये जाहीर झालेला, हाताने काच फिरवायचा स्लेट ट्रक यांची वर्णने वाचून मोह होतो, पण ती वाहने आपल्याकडे विक्रीला नाहीत.

शोरूममध्ये वडिलांना चालकाच्या जागी बसवा आणि गाडी उभी असतानाच नजर समोर ठेवून पाच कामे करायला सांगा: पंखा वाढवणे, तापमान बदलणे, हवा समोरच्या काचेकडे वळवणे, वायपरचा वेग वाढवणे आणि हझार्ड लाइट लावणे. यातील तिसऱ्या कामाकडे विशेष लक्ष द्या. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा ते बटण हाताला आपोआप सापडले पाहिजे. सेल्समन पडद्यावरील नकाशा आणि गाणी दाखवू लागला तरी हा प्रयोग सोडू नका.

ॲपचा खरा त्रास गाडीत नसून सार्वजनिक चार्जरवर आहे. प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे, वॉलेटमध्ये आधी पैसे भरायचे आणि चार्जर सुरू न झाल्यास हेल्पलाइनला फोन करत उभे राहायचे, याचा अनुभव मी घेतला आहे. काही कंपन्या ॲपऐवजी टॅप करायचे कार्ड देतात. ते आधीच मागवून वडिलांच्या पाकिटात ठेवा. रोजच्या वापरासाठी मात्र घरचा १५ ॲम्पिअरचा सॉकेट पुरतो आणि मोठ्या बॅटरीची टियागो रात्रभरात भरते. गावाकडे यात एकच अडचण वारंवार येते, ती अर्थिंगची. अर्थिंग नीट नसेल तर गाडीबरोबर मिळणारा चार्जर सुरक्षेसाठी चार्जिंग सुरूच करत नाही आणि मग दोष गाडीचा आहे असे वाटू लागते. म्हणून गाडी बुक करण्यापूर्वीच जाणत्या वायरमनकडून नवे अर्थिंग करून घ्या, मीटरपासून सॉकेटपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या आणि त्या लाइनला वेगळा एमसीबी (जादा भार आल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा. पंपाची मोटर जोडलेल्या लाइनवर हा सॉकेट कधीही घेऊ नये, कारण मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली जाते आणि चार्जिंग मध्येच तुटते.