गाडी आधी ढकलून बघा

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही इंजिनीअरिंगची मुलंमुली मिळून शेल इको-मॅरेथॉनसाठी, म्हणजे कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त लांब जायच्या स्पर्धेसाठी, गाडी बनवतोय. प्रोटोटाइप कॅटेगरी (फक्त मायलेजसाठी बनवलेल्या गाड्यांची), तीन चाकं, छोटं पेट्रोल इंजिन. पैसे थोडेच उरलेत आणि टीममधे दोन गट पडलेत, एक म्हणतो इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्बुरेटर काढून मोजून पेट्रोल फवारणारं फ्यूएल इंजेक्शन बसवू, दुसरा म्हणतो फायबरग्लासची बॉडी काढून कार्बन फायबरची करू. वर्कशॉपमधे रोज वाद. कुठे खर्च करावा?

उत्तर : दोन्ही गटांचं म्हणणं चूक नाहीये, पण खर्च करायच्या आधी एक फुकटचं काम करा. ड्रायव्हरला गाडीत बसवा, वारा नसलेल्या वेळी सपाट जागी न्या, ठरलेल्या वेगाला आणा आणि इंजिन बंद करून गाडी आपोआप थांबेपर्यंत वेग आणि वेळ लिहून काढा, मग तेच उलट्या दिशेने. याला कोस्ट-डाऊन टेस्ट म्हणतात. ड्रायव्हरसकट वजन माहीत असलं की गाडीला मागे ओढणारा जोर किती हे यातून निघतं, आणि सगळा खेळ त्या जोराचाच आहे.

आकडेच मांडतो. समजा ड्रायव्हर धरून गाडी १०० किलो आहे आणि टायर चांगले आहेत, रोलिंग रेझिस्टन्सचा (चाक फिरताना रस्त्याकडून होणाऱ्या विरोधाचा) गुणांक ०.००२५ धरा, तर चाकांचा विरोध झाला साधारण २.५ न्यूटन. बॉडीचा आकार चांगला असेल तर ताशी २५ किलोमीटरला हवेचा विरोध येतो १ न्यूटनच्या आसपास. एकूण साडेतीन न्यूटन, म्हणजे त्या वेगाला गाडी चालती ठेवायला फक्त २४-२५ वॅट पुरतात! एक लिटर पेट्रोलमधे अंदाजे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, त्यातली २० टक्के चाकापर्यंत पोचली तरी कागदावर १८०० किलोमीटर निघतात. आता समजा पुढचा एक ब्रेक पॅड किंचित घासतोय आणि त्याने १ न्यूटन वाढला. १ न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजन हातात धरल्यावर जेवढा भार जाणवतो तेवढाच, पण १८०० चे होतात १४००. चारशे किलोमीटर एका घासणाऱ्या पॅडमधे गेले आणि टीम बिचारी रात्र रात्र इंजिनचं मॅपिंग (कधी किती इंधन द्यायचं याची सेटिंग) करत बसलीये, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

याच हिशोबात तुमचा वाद घालून बघा. कार्बन फायबरने ५ किलो वाचले तर विरोध कमी होतो ०.१२ न्यूटन, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. इंजेक्शनने कार्यक्षमता २० वरून २२ वर गेली तर १० टक्के फायदा. म्हणून दोघांत मी इंजेक्शन म्हणेन, पण स्पर्धेआधी ट्यूनिंगला निवांत वेळ असेल तरच, नाहीतर चालू असलेल्या कार्बुरेटरला हात लावू नका.

आणि सगळ्यात आधी चाकांचा टो, म्हणजे पुढची चाकं सरळ आहेत की आत-बाहेर वळलेली, ते तपासा. पुढचं चाक १ डिग्री जरी तिरपं असलं तरी दर मीटरला ते साधारण १७ मिलिमीटर आडवं घासायला बघतं. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजा, आणि हे ड्रायव्हर आत बसलेला असतानाच मोजा कारण वजन पडलं की फ्रेम वाकते आणि रिकाम्या गाडीवर केलेली सेटिंग बदलते. टायरमधे कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत पूर्ण हवा, बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस काढून पातळ ऑइल, आणि मागच्या चाकाला सायकलसारखं फ्रीव्हील हवंच, नाहीतर इंजिन बंद केल्यावर पण चाक चेनला ओढत राहणार.

प्रश्न : मी आमच्या टीमची ड्रायव्हर. सगळ्यात हलकी म्हणून मला निवडलं, वजन ४६ किलो. टीममधले म्हणतात अजून दोनतीन किलो कमी कर. करू का? आणि ड्रायव्हिंगने मायलेजमधे खरंच फरक पडतो का?

उत्तर : नाही, अजिबात कमी करू नका, आणि हे उत्तर टीममधल्या सगळ्यांना वाचायला द्या. प्रोटोटाइपच्या ड्रायव्हरला कमीत कमी ५० किलोची अट असते, त्यापेक्षा हलकं असाल तर फरकाइतकं वजन गाडीत ठेवावं लागतं. म्हणजे तुम्ही उपाशी राहून जे कमी कराल ते शिशाच्या रूपात परत गाडीत येणार, हाती काहीच नाही. शिवाय बंद बॉडीत हेल्मेट घालून उन्हात आडवं पडून चालवायचंय, पोटात अन्न पाणी नसेल तर चक्कर येईल. वजन कमी करायचंच असेल तर गाडीचं करा म्हणावं.

फरक मात्र प्रचंड पडतो. वर २५ वॅटचा हिशोब दिलाय, आणि ३५ सीसीचं छोटं इंजिनसुद्धा १ किलोवॅटच्या आसपास ताकद देतं. एवढ्या मोठ्या इंजिनाला सतत २५ वॅटवर चालवलं तर जवळजवळ बंद थ्रॉटलमधून (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतून) हवा ओढण्यात आणि स्वतःचं घर्षण सोसण्यातच पेट्रोल जातं. म्हणून इंजिन चालू करायचं, थ्रॉटल भरपूर उघडून वेग वाढवायचा, मग इंजिन बंद आणि गाडी घरंगळू द्यायची, वेग उतरला की परत चालू. कुठे चालू कुठे बंद हे ट्रॅकचा चढ-उतार बघून आधीच ठरवा, चढाच्या थोडं अलीकडे चालू आणि उतार यायच्या आधी बंद, वळणावर ब्रेक लागणार नाही अशा बेताने. लॅप टाइमवर नजर हवी कारण ठरलेल्या वेळेत पूर्ण अंतर झालं नाही तर ती रन धरतच नाहीत. कोस्ट-डाऊनच्या सगळ्या टेस्टना तुम्हीच बसा, गाडी कुठून सोडली तर कुठवर जाते हा अंदाज त्यातूनच येतो.

प्रश्न : माझा मुलगा अशा टीममधे आहे, घरी उशिरा येतो, अभ्यास मागे पडतोय. हजार दोन हजारचं मायलेज म्हणतात पण अशी गाडी रस्त्यावर तर येणार नाही, मग उपयोग काय?

उत्तर : तशीच्या तशी येणार नाही हे खरंय. १९३९ मधे अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेलच्या प्रयोगशाळेत कर्मचाऱ्यांनी आपसात पैज लावली की एका गॅलनमधे कुणाची गाडी जास्त लांब जाते, तेव्हा जिंकणारी गाडी लिटरला साधारण २१ किलोमीटर गेली. आजच्या रूपातली स्पर्धा १९८५ मधे फ्रान्समधे सुरू झाली आणि २००५ मधे स्वित्झर्लंडच्या ईटीएच झ्युरिकच्या पॅक-कार २ ने हायड्रोजन फ्यूएल सेलवर (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचावर), पेट्रोलच्या हिशोबात, लिटरला ५,३८५ किलोमीटर काढले. एवढं निघालं ते एका माणसाला झोपवून, सावकाश चालवून, पण टायर, हवा, वजन, इंजिन यांचे नियम तुमच्या गाडीलाही तेच आहेत. कॉलेजात सूत्र पाठ करणारा मुलगा इथे त्या सूत्रातला एक न्यूटन कुठे हरवला ते हाताने शोधतो, हे शिक्षण मला फार मोलाचं वाटतं. फक्त रात्री जागून, डोळ्यांवर झोप असताना ग्राइंडर आणि ड्रिल चालवू देऊ नका, त्यावर ठाम रहा.

प्रश्न : टेक्निकल इन्स्पेक्शनला गाडी अडकू नये म्हणून काय बघावं?

उत्तर : त्या वर्षीचं नियमपुस्तक पूर्ण वाचा, गेल्या वर्षीच्यावर विसंबू नका. ड्रायव्हर बसलेला असताना २० टक्के उतारावर ब्रेक गाडी धरून ठेवतात का ते स्वतः उतार बनवून बघा, पुढचे आणि मागचे वेगवेगळे. ड्रायव्हर १० सेकंदांत, कुणाच्या मदतीशिवाय, हेल्मेट आणि बेल्टसकट बसलेल्या अवस्थेतून बाहेर आला पाहिजे, याचा रोज सराव करा. इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधली बल्कहेड, म्हणजे आडवी भिंत, पूर्ण बंद हवी, वायर जायला पाडलेली भोकंसुद्धा बुजवा. आणि टो सेट करताना ब्रेकचे पॅड लांब सरकवले असतील तर उताराची टेस्ट त्यानंतर परत घ्या.