रेकॉर्ड प्लेअरचं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बदलल्यापासून वाकड्या रेकॉर्डवर सुई उडते, वूफरचा पडदा आत-बाहेर हलतो. कार्ट्रिज खराब आहे का?

बहुधा नाही, जोडी जमलेली नाही. तुमचा टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) जड, २२ ग्रॅम प्रभावी वस्तुमानाचा, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं त्याचं वजन. कार्ट्रिज ६ ग्रॅमचं, कंप्लायन्स (सुईच्या स्प्रिंगचा मऊपणा) ३०. म्हणजे स्प्रिंग मऊ आणि ओझं भारी.

हिशेब करून बघा. दोन्ही वस्तुमानांची बेरीज (स्क्रूही धरा, इथे सोडले आहेत) कंप्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा, त्याने १५९ ला भागा. २८ गुणिले ३० म्हणजे ८४०, वर्गमूळ २९, उत्तर साडेपाच हर्ट्झ, म्हणजे ही जोडी सेकंदाला इतक्या वेळा आपसूक डोलते. हवं ८ ते १२. वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे साधारण ८ च्या खालच्या पट्ट्यात असतात, म्हणून आर्म त्यांच्याबरोबर डोलायला लागतो.

एक मेख मात्र आहे. जपानी कंपन्या कंप्लायन्स बरेचदा १०० हर्ट्झला मोजलेला छापतात, सूत्राला मात्र १० हर्ट्झजवळचा लागतो. डेनॉन कंपनीच्या डीएल-१०३ कार्ट्रिजचा ५ हा आकडा तसाच. वरच्या सूत्रासाठी तो ढोबळमानाने दीडपट ते दुप्पट धरावा. मी स्वतः यात एकदा फसलोय.

हलका हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा भाग) लावल्याने थोडाच फरक पडेल. त्यापेक्षा १२ च्या आसपास कंप्लायन्सचं कार्ट्रिज घ्या, पावणेनऊ हर्ट्झ मिळतील. आणि सुईवरचा भार कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवू नका, सस्पेन्शन, म्हणजे सुईची ती मऊ स्प्रिंग, दबून बसेल.